अभ्यासाला पडलेला खंड

(एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाच्या नव्या अभ्यासिकेच्या उद्घाटनप्रसंगी शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज आपण ज्या अभ्यासिकेचे उद्घाटन केले, तिच्यात चाळीस जणांची बसण्याची सोय आहे. या चाळीस जागा भरतील याविषयी मला शंका नाही. ज्यांना अभ्यासाची गोडी आहे, ज्यांच्यासमोर परीक्षेचे ध्येय स्पष्ट आहे, ते आपल्या पायांनी येथे येतील. उद्या सकाळी दार उघडण्यापूर्वीच ते पायऱ्यांवर येऊन बसलेले दिसतील. त्यांच्यासाठी भाषणाची आवश्यकता नाही. मला आज बोलावयाचे आहे ते एकेचाळिसाव्या मुलाविषयी. तो या दारापर्यंत येतो, आत डोकावतो आणि परत जातो. एके काळी तोही अभ्यास करीत होता. आता त्याच्याकडून होत नाही. का होत नाही हे त्याला सांगता येत नाही आणि आपणही सहसा त्याला ते विचारीत नाही.

या अवस्थेला आपल्याकडे मरगळ हा चांगला शब्द आहे. मरगळ आणि आळस यांत फरक आहे, तो प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. आळशी माणसाला काम न केल्याचे दुःख नसते. मरगळ आलेल्या विद्यार्थ्याला ते दुःख अहोरात्र असते. तो पुस्तक उघडत नाही, पण पुस्तकाचा विचार त्याला सोडीतही नाही. तो खेळायला गेला तरी मनमोकळा खेळत नाही आणि झोपला तरी त्याला स्वस्थ झोप लागत नाही. अशा मुलाला आळशी म्हणणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देण्यासारखे आहे.

मरगळ कोठून येते?

मरगळीची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही आपल्या राज्यातील प्रत्येक तालुक्यात पाहावयास मिळतात.

पहिले कारण उघडच आहे. परीक्षेत अपयश येते, निकालाच्या दिवशी शेजारच्या घरी पेढे वाटले जातात आणि या घराचे दार लोटलेले असते. दुसरे कारण स्थलांतराचे. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मधल्या काळात वर्ग पुढे निघून गेलेला असतो. तिसरे कारण घरातील आजारपण किंवा मृत्यू. अशा वेळी घरातील थोरल्या मुलीच्या हातातील पुस्तक सर्वांत आधी खाली ठेवले जाते, हे आपण सर्व जण जाणतो.

चौथे कारण फारसे बोलले जात नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून उत्तम गुण मिळविलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत जातो. तेथे पुस्तक इंग्रजीत असते. बल, वेग, त्वरण या कल्पना त्याला पक्क्या समजलेल्या असतात. ‘अ‍ॅक्सलरेशन’ हा शब्द मात्र ओळखीचा नसतो. आपल्याला विषय येत नाही असे त्याला वाटू लागते. वस्तुतः त्याला विषय येत असतो, केवळ त्याची भाषा येत नसते. हा भेद त्याला वेळीच कोणी समजावून सांगितला नाही तर दिवाळीपर्यंत शाळेतील हा हुशार मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो.

आणि एक कारण आपण सर्वांनी मिळून अनुभवले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि २०२१ साली तर दहावीची लेखी परीक्षाच रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावावे लागले. मुलांच्या हाती मोबाइल आला तो अभ्यासासाठी. पण तो अभ्यासापुरता राहिला नाही. त्या काळात पहिली-दुसरीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेच्या वर्गांतून बसली आहेत. एका जागी बसून सलग वाचण्याची सवय जडण्याच्या वयातच त्यांचे वर्ग सुटले होते, याचा विसर पडू देता कामा नये.

ही कारणे वेगवेगळी असली तरी पुढचा क्रम बहुधा एकच असतो. काही दिवसांचा अभ्यास राहतो. राहिलेल्या अभ्यासाचा ढीग होतो. ढिगाकडे पाहून भीती वाटते. भीतीमुळे पुस्तक उघडवत नाही आणि न उघडल्यामुळे ढीग वाढतो. यात मूळ कारण मागे पडते आणि हे चक्रच आपल्या गतीने फिरत राहते. म्हणूनच मूळ कारण दूर झाले, म्हणजे आजार बरा झाला किंवा कुटुंब गावी परतले, तरी अभ्यास आपोआप सुरू होत नाही.

एक स्वानुभव

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो, त्याबद्दल क्षमा असावी. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात असताना इंग्रजी आणि अर्थशास्त्र या दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो. घरी मला कोणी रागावले नाही. परंतु जेवताना कॉलेजचा विषय निघाला की सर्व जण एकदम गप्प होत. ती शांतता मला रागावण्यापेक्षा जड वाटे. पुस्तके ट्रंकेत घालून ट्रंक खाटेखाली सरकविली आणि चुलत्यांच्या किराणा दुकानात साखरेच्या पुड्या बांधू लागलो. रोज रात्री मी उद्यापासून अभ्यासाला लागण्याचा निश्चय करीत असे. असे सुमारे सात महिने गेले. निश्चयाची माझ्याकडे कधीच उणीव नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

आमच्या गावच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल एके दिवशी दुकानात आले. त्यांनी निकालाविषयी एक अक्षरही विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, “बाळ, नवी पुस्तके आली आहेत. माझे अक्षर आता नीट येत नाही. संध्याकाळी अर्धा तास येऊन दाखल नोंदवहीत तेवढी नावे उतरवून देशील का?” मी गेलो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत असे लिहीत बसलो. दुसऱ्या दिवशी निघताना ते म्हणाले, “उद्याही ये.” आठवड्याभरात नोंदी संपल्या. तेव्हा त्यांनी अर्थशास्त्राचे एक जुने पाठ्यपुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “यातले एक पान वाच आणि मला तुझ्या शब्दांत सांग. मी या विषयात अगदी कोरा आहे.” मी एक पान वाचले आणि सांगितले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर मला आले, दुसऱ्याचे आले नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी त्या रात्री खाटेखालची ट्रंक ओढली.

पुढील परीक्षेत मी दोन्ही विषयांत उत्तीर्ण झालो. इंग्रजीत एकेचाळीस गुण मिळाले. यात भूषण मिरविण्यासारखे काही नाही. तथापि त्या एकेचाळीस गुणांवरच माझे पुढील सर्व आयुष्य उभे आहे.

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे. माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र त्याच परीक्षेत एकाच विषयात अनुत्तीर्ण झाला होता. अर्थशास्त्र तर तोच मला समजावून देत असे. तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि परत अभ्यासाकडे वळला नाही. गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरून घेण्यासाठी तो माझ्याकडे आला होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, “तुला कोणीतरी बोलावलं. मला कोणी बोलावलं नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी संध्याकाळी ग्रंथालयात जाऊ लागलो त्या दिवसांत तो अजून गावातच होता आणि मीही त्याला बोलावले नव्हते.

आम्हा दोघांत बुद्धीचा फरक असलाच तर तो त्याच्या बाजूने होता. इच्छेचा फरक नव्हता. फरक एवढाच होता की, मला कोणीतरी अर्ध्या तासाचे एक लहानसे काम दिले आणि उद्याही ये असे सांगितले. आज मला सांगावयाचे आहे ते इतकेच. गोडी लागली म्हणजे अभ्यास सुरू होतो असे आपण मानतो. खंड पडलेल्या अभ्यासाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी अभ्यास सुरू होतो, मग गोडी लागते. आणि ही पहिली सुरुवात एकट्याने करणे फार कठीण असते.

विहिरीचा गाळ

शेतकरी बंधूंना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. विहिरीचे पाणी आटले म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. उन्हाळ्यात आपण तिच्यात उतरतो आणि गाळ काढतो. झरे आटलेले नसतात, ते गाळाखाली दबलेले असतात. गाळ काढताना पहिल्या दिवशी पाणी दिसत नाही, चिखलच दिसतो. तरी आपण पाट्या भरीत राहतो. अभ्यासाचेही तसेच आहे. पहिल्या आठवड्यात आनंद वाटेल अशी अपेक्षा करू नये. पहिल्या आठवड्याचे काम गाळ काढण्याचे आहे.

झरे खरोखरच शिल्लक असतात, याला शास्त्राचाही आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच अनेक प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळानंतर त्या किती विसरल्या हे मोजी. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो, हा त्याचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. परंतु त्याचा दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. जी यादी आठवेनाशी झाली होती, तीच पुन्हा पाठ करावयास पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत असे. म्हणजे विसरलेले पूर्णपणे पुसले जात नाही. ‘माझे सर्व गेले, आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगितली पाहिजे. सुरुवात पहिल्या पानापासून करावी लागली तरी ती पहिल्या वेळेइतकी अवघड नसते.

मोठ्यांच्या आयुष्यातील खंड

खंड पडणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे असे मुलांना वाटते, कारण थोरांची चरित्रे आपण त्यांना सलग यशाच्या रूपात सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच उदाहरण घ्या. कोकणातील मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैलांची वाट तुडवीत ते सहावीच्या परीक्षेसाठी गेले. तेथे, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू देण्यात आले नाही. आल्या वाटेने त्यांना परत फिरावे लागले. १८५८ साली जन्मलेले कर्वे १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि १८८४ साली पदवीधर. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. साताऱ्याहून परतताना त्या मुलाच्या मनाची स्थिती काय असेल, याची कल्पना आपण वर्गात मुलांना करावयास सांगतो का? शंभरी गाठलेल्या भारतरत्नाचे चित्र आपण भिंतीवर लावतो. परीक्षेच्या दारातून परत आलेला मुलगा मात्र त्या चित्रात दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लंडनमधील अभ्यासालाही मोठा खंड पडला होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते युद्धात बुडाले आणि ग्रंथ व कागदपत्रे समुद्रात गेली. बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर, अस्पृश्य म्हणून राहावयास जागासुद्धा मिळू नये असा अनुभव आला. ही मरगळ नव्हती, हा लादलेला खंड होता, हे खरे. परंतु या खंडाच्या काळातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विषयाशी असलेला धागा त्यांनी तुटू दिला नाही. नोकरीतून पैसा साठवून, तसेच कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.साठी सादर केलेल्या प्रबंधात बदल करण्यास परीक्षकांनी सांगितले तेव्हा त्यांनी तो पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ साली पदवी संपादन केली. एवढ्या असामान्य विद्वत्तेच्या पुरुषालाही पैशाचे, मित्राचे आणि आश्रयदात्याचे साहाय्य लागले. मग आपल्या गावातील एखाद्या मुलाने सर्व काही स्वतःच्या जिद्दीवर करावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येईल का?

पुन्हा सुरुवात कशी करावी?

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळतो. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना मी चारच गोष्टी सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट, राहिलेल्या अभ्यासाची यादी कागदावर उतरवा. मनातील ढिगाला सीमा नसते, कागदावरील यादीला असते. धडे किती, गणिताची प्रकरणे किती, प्रयोग किती हे लिहून काढले म्हणजे ‘सगळेच राहिले आहे’ हे वाक्य बहुधा खोटे ठरते.

दुसरी गोष्ट, सुरुवात अवघड विषयापासून करू नका. जो धडा पूर्वी येत होता, तोच पुन्हा काढा. वेळही थोडाच ठरवा. वीस मिनिटे पुरेत. पण ती रोज त्याच वेळी, त्याच जागी. पहिल्या उत्साहात दहा तासांचे वेळापत्रक आखणारा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी ते मोडतो आणि मोडलेले वेळापत्रक हे नव्या मरगळीचे कारण बनते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांचा दंड भरू नका. पुन्हा वीसच मिनिटे बसा.

तिसरी गोष्ट, वाचून झाले की पुस्तक मिटा आणि काय वाचले ते लिहा किंवा कोणाला तरी सांगा. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना अडखळायला होते, म्हणून आपल्याला येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्या अडखळण्यातच शिकणे होत असते. आमच्या ग्रंथपालांनी हे प्रयोग वाचलेले नव्हते. तरी ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणताना त्यांनी नेमके हेच केले होते.

चौथी गोष्ट अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. वहीच्या पानावर मध्ये एक रेघ मारा. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे दहावीपर्यंत शिकलेला मराठी शब्द. रोज पाच शब्द लिहिले तरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुस्तकाची भाषा परकी राहणार नाही.

शिक्षक, पालक आणि पंचायत

परंतु आरंभीच मी म्हटले की, एकेचाळिसावा मुलगा या सभेत बसलेला नाही. म्हणून उरलेले बोलणे आपणा मोठ्यांसाठी आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, बरेच दिवस गैरहजर राहून परत आलेल्या मुलाचे स्वागत ‘आलात का महाराज!’ या वाक्याने करू नये. वर्ग हसतो आणि ते मूल दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याच्याकडे खडू आणण्याचे, तक्ता लावण्याचे, खालच्या वर्गातील मुलाला पाढे शिकविण्याचे काम द्यावे. ज्याला काम आहे त्याला वर्गात जागा आहे, असे मुलांचे साधे गणित असते. त्याला पहिला प्रश्न विचारावा तो हमखास उत्तर येईल असा.

पालकांना सांगावेसे वाटते की, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, तसेच घरात त्या विषयावर मौनही पाळू नये. ‘आज काय वाचलेस, मला सांग’ एवढे विचारावे. निरक्षर आईसुद्धा हा प्रश्न विचारू शकते. किंबहुना, आईला समजावून सांगताना मुलाचा धडा अधिक पक्का होतो.

पंचायत सदस्यांना तर प्रत्यक्ष उदाहरणच देता येईल. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल दीड तास बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, असे गावाने ठरविले. या उपक्रमाची वार्ता देशभर पोहोचली. त्यातील मर्म भोंग्यात नाही. एका घरात मूल अभ्यासाला बसले असताना शेजारी मालिका चालू असेल तर त्याला एकट्याच्या निग्रहावर अवलंबून राहावे लागते. संपूर्ण गाव त्या वेळी शांत झाले की निग्रहाचा भार गाव उचलते. शिवाय मोठ्यांनाही मोबाइल बाजूला ठेवावा लागतो, ही गोष्ट मुले बरोबर हेरतात. प्रत्येक गावाने भोंगाच लावावा असे नाही. समाजमंदिरातील एक खोली, पुरेसा प्रकाश, पिण्याचे पाणी आणि मुलींना घरापर्यंत सोबत एवढी व्यवस्था बहुतेक ग्रामपंचायतींच्या आवाक्यातील आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांचे काम माहिती वेळेवर पोहोचविण्याचे आहे. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांना पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. ‘ऑक्टोबरची वारी’ असा शब्दप्रयोगच त्यावरून रूढ झाला होता. २०१५ पासून निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा घेतली जाऊ लागली, जेणेकरून वर्ष वाया जाऊ नये. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत प्रवेशाची सवलत आहे. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येते. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. दारे आहेत, परंतु मरगळ आलेला मुलगा सूचना फलक वाचावयास येत नाही. अर्जाची अंतिम तारीख त्याच्या घरी जाऊन सांगावी लागते. अपयशानंतरचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. त्या काळात अर्ज भरला गेला तर अभ्यासाला एक निश्चित दिवस समोर दिसतो.

एक सावधगिरीची सूचना

प्रत्येक मरगळ उपदेशाने किंवा वेळापत्रकाने जाईल असे मात्र समजू नये. डोळ्यांना चष्मा लागलेला असतो आणि मूल फळा दिसत नाही हे सांगत नाही. मुलींमध्ये रक्ताक्षय असतो, त्यामुळे थकवा येतो आणि आपण त्याला निरुत्साह म्हणतो. यासाठी प्रथम आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, जेवण व झोप बिघडली असेल, आवडीच्या गोष्टींतही त्याचे मन लागत नसेल, जगण्याला अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा बोलण्याकडे नाटक म्हणून पाहू नये आणि त्या मुलाला एकटे सोडू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे. हा क्रमांक शाळेच्या, पंचायतीच्या आणि या अभ्यासिकेच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

समारोप

मित्रहो, महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावच्या ग्रंथालयांनी तेव्हापासून पुस्तके दिली, वर्तमानपत्रे दिली आणि आता अभ्यासिकाही दिल्या. या इमारतीचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि मला ज्याने परत आणले तो दिवा किंवा ती खुर्ची नव्हती. दुकानापर्यंत चालत आलेला एक म्हातारा ग्रंथपाल होता.

म्हणून ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला मी एक विनंती करतो. चाळीसांपैकी एक जागा रोज संध्याकाळी सात ते साडेसात या वेळात राखून ठेवावी. तिच्यासाठी परीक्षा नको, गुणपत्रक नको, शुल्कही नको. आणि येथे जमलेल्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतील, आपल्या वस्तीवरील एका मुलाचे किंवा मुलीचे नाव आज मनात योजावे. त्याला उपदेश करू नये, निकाल विचारू नये. एखादे लहानसे काम सांगून त्याला येथे घेऊन यावे आणि जाताना ‘उद्याही ये’ एवढे म्हणावे.

माझ्या मित्राला हे सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले. त्याची मुलगी यंदा महाविद्यालयात गेली आहे. तिला मात्र मी दर आठवड्याला विचारतो की, या आठवड्यात काय वाचलेस.